शेवाळ आले म्हणून खत तोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरातल्या मत्स्यटाकीवर आलेला लेख वाचला. माशांच्या निवडीबद्दलचा भाग चांगलाच आहे. पण ‘शेवाळ दिसताच खत बंद करा, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा, टाकी रिकामी करून घासून काढा’ हा सल्ला झाडे लावलेल्या टाकीला घातक आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे झाडांना नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरवणारी खतेच. माझी सारी नोकरी पाणी तपासण्यात गेली आणि घरी झाडांची शंभर लिटरची टाकी आहे, म्हणून राहवले नाही.

खत म्हणजे शेवाळ ही समजूत तळ्यांच्या अभ्यासातून आली असावी. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये कॅनडातले २२६ क्रमांकाचे तळे पडदा टाकून दुभागले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही भागांत घातले, फॉस्फरस एकाच भागात. तो भाग हिरवागार झाला. विमानातून काढलेले ते छायाचित्र आजही पाठ्यपुस्तकांत दिसते, आणि तळ्यापुरते ते खरेच आहे. टाकीत मात्र तेच खत खाणारी झाडे दाटीने उभी असतात. त्यांना उपाशी ठेवून शेवाळ मरत नाही. शेवाळाची गरज इतकी थोडी की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून ती सहज भागते. आधी झाडे खंगतात, जुनी पाने पिवळी पडून कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि शेवाळाला आयतेच रान मोकळे होते.

शेजारच्या मुलाने अशाच एका सल्ल्यावरून खत तोडले. मी किटने पाणी तपासले तेव्हा नायट्रेट दाखवणारा रंगच येईना, आणि वाळूवर निळसर हिरवा, बुळबुळीत, उग्र वासाचा पापुद्रा पसरला होता. हे खरे तर शेवाळ नव्हेच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू. नायट्रेट संपलेल्या टाकीत ते बऱ्याचदा डोके वर काढतात. त्यावर कुणी त्याला प्रतिजैविकाची गोळी विरघळवायला सांगितले होते! ती अमोनिया पचवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही मारू शकते, हे सांगणाऱ्याच्या गावीही नव्हते. आम्ही पापुद्रा नळीने ओढून काढला, पाण्याचा प्रवाह वाढवला आणि नायट्रेट पुन्हा दहा पीपीएमच्या (लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या) वर नेले.

झाडांच्या टाक्यांमध्ये ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ नावाची पद्धत रूढ आहे, टॉम बार यांची. तीत गरजेपेक्षा जास्तच खत मुद्दाम घालतात आणि साठा होऊ नये म्हणून दर आठवड्याला निम्मे पाणी बदलतात. नुसत्या खतानेच शेवाळ येत असते, तर या सगळ्या टाक्या केव्हाच बुजून गेल्या असत्या.

मग दोष कुठे? बहुतेक वेळा दिव्यात. प्रकाश वाढला की झाडाची कार्बन डायऑक्साइडची आणि खताची भूक वाढते. ती भागली नाही की वाढ अडते आणि उरलेला प्रकाश शेवाळ वापरते. दिवा दहा-बारा तास जळतो आणि आपण खताची बाटली कपाटात ठेवतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दिवा सहा-सात तासांवर आणावा, टाकीवर खिडकीचे ऊन येत असेल तर पडदा लावावा. टाकीत कार्बन डायऑक्साइड गॅस सोडत असाल तर तो रोज सारखा राहू द्या, कारण काळे केसाळ शेवाळ बहुधा त्याच्या चढउतारातूनच येते. अनुबियासच्या पानांवर कडक हिरवे ठिपके बसू लागले, तर मी फॉस्फेट कमी नाही, थोडे वाढवते.

नायट्रेटसाठी शुद्ध पोटॅशियम नायट्रेट पुरते. एक ग्रॅम शंभर लिटरमध्ये सुमारे ६ पीपीएम वाढवतो. कुंडीतले युरिया किंवा अमोनियमयुक्त खत मात्र चुकूनही घालू नये, मासे मरतील. टाकी घासून फिल्टरचा स्पंज क्लोरीनच्या नळाखाली धुणे तर त्याहून वाईट, कारण उपयुक्त जिवाणूंची मोठी वस्ती त्या स्पंजातच असते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा, बस्स.

लेखात ‘नायट्रेट १० च्या आत’ असे छापले आहे. दहा कशाचे? काही किट नायट्रेट मोजतात, काही नुसता त्यातला नायट्रोजन. नायट्रोजनचे १० म्हणजे नायट्रेटचे सुमारे ४४. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादाही नायट्रेट म्हणून ५० आणि नायट्रोजन म्हणून ११ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी लिहिली जाते, दोन्ही एकच. दुरुस्ती छापणार असाल तर आकड्याशेजारी एवढे एकक अवश्य द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यिका