‘दिसणं’ मांडताना

मा. संपादक,

नाशिकमध्ये एखाद्या चित्रकाराने ‘दिसणं’ हाच विषय घेऊन एकल प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तर नेहमीची मांडणी चालणार नाही. अंधबिंदूचंच, म्हणजे डोळ्यातल्या काहीच न दिसणाऱ्या जागेचंच घ्या. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला ५४ सेंमी अंतरावर दोन ठिपके काढावेत, ८ सेंमीपेक्षा मोठे नकोत, आणि जमिनीवर बरोबर २ मीटरवर पट्टी चिकटवावी. डावा डोळा झाकून उजव्याने डाव्या ठिपक्याकडे पाहत राहिलं की उजवा गायब होतो. त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर जिथे पडते, तिथून चेतातंतू बाहेर पडतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. पट्टी नसेल तर लोक भिंतीला नाक लावतात, दोन्ही ठिपके ठणठणीत दिसतात आणि चित्रकाराची फजिती होते.

पश्चात-प्रतिमेसाठी, म्हणजे नजर हटवल्यावरही डोळ्यांपुढे राहणाऱ्या आकारासाठी, लाल चित्राशेजारची भिंत कोरी ठेवावी. अर्धा मिनिट लाल पाहून नजर तिकडे वळली की हिरवट-निळा आकार उमटतो. (मोकळी जागा दिसली की तिथे प्रायोजकाचा फलक लागतोच!) दिवे पिवळे नकोत, ४००० केल्विनचे (म्हणजे पांढरट उजेडाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वरचे घ्यावेत. अंधारी खोली शेवटी ठेवावी. बाहेरच्या उन्हातून थेट आत आलेल्याला पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक