साठ हजारची गोळी रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच!

मा. संपादक,
स. न.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयी लिहीत आहे. ठाण्यात औषधाच्या दुकानात माझे आयुष्य गेले. नौपाड्यात असो की घोडबंदर रोडला, ‘साठ हजारची गोळी द्या’ एवढे म्हटले की पट्टी हातात पडते, असा अनुभव अनेकांना असेल. ही ६०,००० युनिट ड जीवनसत्त्वाची गोळी (किंवा तेवढ्याच ताकदीची पुडी, नाहीतर ५ मिलीची छोटी बाटली) आठवड्यातून एकदा आणि डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे घ्यायची असते, बहुधा आठ. ही एक ओळ पेशंटपर्यंत नीट पोहोचत नाही. माझी कळकळ त्याबद्दल आहे.

कारण साधे आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात. बीपीची रोज, शुगरची रोज, थायरॉइडची रोज. डबीच्या कप्प्यांत गोळ्या भरणारी सून किंवा कामाला येणारी ताई हीसुद्धा रोजच्या कप्प्यात टाकते. चिठ्ठीवरचे इंग्रजी अक्षर लागत नाही, पट्टीवरची छपाई तर चष्मा लावूनही दिसत नाही.

आता आकडे पाहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिटची. म्हणजे ६०,००० ची एक गोळी म्हणजे शंभर दिवसांची बेगमी. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. साठ हजारची गोळी रोज घेणारा माणूस त्या मर्यादेच्या पंधरापट घेत असतो. ब किंवा क जीवनसत्त्व जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ड चरबीत विरघळते आणि शरीरात साठून राहते. गोळी बंद केली तरी रक्तातले प्रमाण खाली यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

ड फार वाढले की रक्तातले कॅल्शियम वाढते. मग मळमळ, भूक मरणे, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, गळून गेल्यासारखे वाटणे, बोलण्यात गोंधळ. पुढे मूत्रपिंडालाही इजा होते. यातले प्रत्येक लक्षण सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देता येते, हीच भीती. आमच्या ओळखीतल्या एका आजींचे असेच झाले. विसरायला लागल्या, जेवण सुटले, घरच्यांना वाटले वार्धक्य. शेवटी इस्पितळात कॅल्शियम तपासले आणि मग गोळ्यांची डबी उघडून पाहिली गेली. सलाईन लावून आजी सावरल्या. सगळे असे वेळेत सावरतील असे नाही.

दुसरे टोकही रोज दिसते. ‘महिनाभर घेतोय, रिपोर्ट हलत नाही’ म्हणून लोक स्वतःच डोस वाढवतात. आधी गोळी कशी घेता ते पाहावे. पहाटे उपाशीपोटी लिंबूपाण्यासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. शोषणासाठी सोबत स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून ती दुपारच्या किंवा रात्रीच्या पूर्ण जेवणानंतर घ्यावी. पुडी दुधातून घ्यायला सांगतात. ते दूध साय काढून पातळ केलेले नसावे. वाटीभर तूप प्यायची मात्र काही गरज नाही. जुनाट जुलाब, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सीलिअ‍ॅक, पित्ताचे किंवा स्वादुपिंडाचे आजार, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया यांत मुळातच शोषण कमी होते. वजन कमी करायची ऑर्लिस्टॅट ही गोळीही चरबीसोबत ड बाहेर टाकते. फिटची फेनिटॉइन आणि टीबीची रिफॅम्पिसिन ही औषधे शरीरातले ड लवकर संपवतात. अशा वेळी डॉक्टरांना सांगून कारण शोधावे. हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा बीपीसाठी थायाझाइड गटातली लघवीची गोळी चालू असेल, मुतखडा होऊन गेला असेल, तर ड सुरू करण्याआधीच विचारावे.

‘वर्षातून एकदाच मोठा डोस घ्या नि निश्चिंत व्हा’ हेही ऐकू येते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. त्या बायका कमी नव्हे, जास्त पडल्या आणि हाडेही जास्त मोडली.

तपासणीविषयी थोडेसेच. सोसायट्यांच्या शिबिरांत पूर्ण तपासणीच्या पॅकेजमध्ये ड असतेच. रिपोर्टवर २२ किंवा २५ (रक्ताच्या दर मिलीलीटरमागे नॅनोग्रॅम) ठळक अक्षरांत ‘कमी’ म्हणून येते आणि घर घाबरते. २० नॅनोग्रॅम बहुतेकांना पुरेसे, असे एक प्रतिष्ठित मत आहे. ३० चा आग्रह धरणाऱ्या अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही (हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञांची संघटना) २०२४ मध्ये तो सोडला आणि निरोगी माणसांनी सरसकट तपासू नये असे सांगितले.

आपल्याकडे कमतरता खरीच आहे, हे मला मान्य आहे. उपवन किंवा तलावपाळीला पहाटे सहाला चालणाऱ्यांना व्यायाम मिळतो, पण ड तयार करणारे किरण तेव्हा जवळजवळ नसतात. ते ऊन वर आल्यावर, साधारण अकराच्या पुढे मिळतात. टॉवरच्या काचेतून तर ते आत येतच नाहीत. तेव्हा ज्यांना गरज आहे त्यांनी गोळी जरूर घ्यावी. माझा विरोध गोळीला नाही.

डॉक्टरांना विनंती, की चिठ्ठीवर मराठीत वार लिहा आणि बंद करायची तारीख लिहा. दुकानातल्या माझ्या बांधवांनी पट्टीवर मार्करने ‘फक्त रविवारी’ एवढे तरी लिहून द्यावे आणि दुसऱ्यांदा तीच गोळी मागितली तर आधी चिठ्ठी पाहावी. अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांना ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द मराठीत, ठळक छापायला लावावेत. आणि घरोघरी ज्या कोणी गोळ्यांची डबी भरतात, त्यांनी आज ती एकदा उघडून साठ हजारची पट्टी वेगळी काढून ठेवावी.

– एक निवृत्त फार्मासिस्ट, नौपाडा, ठाणे