उदास ज्येष्ठांसाठी संध्याकाळचा वर्ग हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कमाटीबागेतली पहाटेची गर्दी पाहून बडोद्यातल्या ज्येष्ठांचं उत्तम चाललंय असं कुणालाही वाटेल. मला लिहायचंय ते तिथे येतच नाहीत त्यांच्याविषयी. नैराश्याच्या आजारात पुष्कळांना सकाळच सर्वांत जड जाते. नेमके त्याच वेळी आपले योगवर्ग आणि हास्यक्लब भरतात, आणि न येणारा आळशी ठरतो.

माझे यजमान बँकेतून निवृत्त झाल्यावर हळूहळू गप्प होत गेले. वाईट वाटतंय असं कधी म्हणाले नाहीत. पोट जड आहे, पाय ओढतात, झोप नाही, एवढंच. दिवाळी अंक वेष्टनातच पडून राहिला. "वय झालं, असं व्हायचंच," असं नातेवाईक म्हणत. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून गोळी सुरू केली. झोप सुधारली, पण खुर्ची सुटेना. तोल जातो म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जात होतो, त्यांनी आम्हा दोघांना ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकवायला घेतला.

गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, एका पायावरचा भार अगदी सावकाश दुसऱ्यावर न्यायचा, हात वळवायचे आणि नजर हातामागून फिरवायची. दम लागत नाही, जमिनीवर बसावं लागत नाही, खुर्चीची पाठ धरूनही करता येतं. मात्र पुढची हालचाल ध्यानात ठेवावी लागते, त्यामुळे तेवढा वेळ तेच ते उगाळणं थांबतं. मला तरी गुण इथे दिसला. एका संध्याकाळी हे म्हणाले, "तुझा डावा खांदा वर जातोय." कितीतरी काळाने त्यांचं लक्ष दुसऱ्या माणसाकडे गेलं होतं!

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. हेलन लाव्हरेट्स्की यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीने अर्धवटच बरं वाटलेले, साठी ओलांडलेले ७३ रुग्ण त्यात होते. गोळी चालू ठेवून काहींना दहा आठवडे, आठवड्याला दोन तास सोपी ताई ची शिकवली. बाकीच्यांना तेवढाच वेळ आरोग्याची माहिती दिली. ताई ची गटात सुमारे ६५ टक्के जणांची लक्षणं जवळजवळ ओसरली, दुसऱ्या गटात ५१ टक्के. अभ्यास लहान आहे, आणि माहितीच्या गटातलेही निम्मे सुधारले. चार माणसांत येऊन बसण्याचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं. गोळी मात्र कुणाचीच बंद केली नव्हती, हे वाचकांनी कृपया विसरू नये.

"आपला योग असताना चिनी व्यायाम कशाला?" असं शेजारी विचारतात. योग करणाऱ्यांनी जरूर करावा. पण हे प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं गाव आहे. आणखी एक व्यायामप्रकार इथे परका वाटू नये.

महापालिकेला आणि शहरातल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे: संध्याकाळी पाचला, खुर्च्या असलेल्या सभागृहात असा वर्ग सुरू करा. सोबत घरच्या माणसाला येऊ द्या. पहिले काही दिवस मंडळातल्या कुणीतरी घरी जाऊन त्या ज्येष्ठाला घेऊन यावं, कारण एकट्याने निघणं हेच त्यांना सर्वांत अवघड असतं. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलू लागलं, तर वर्गाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. ही सेवा मोफत आहे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, दांडिया बाजार, बडोदे