मेंदूच्या चित्रातले लाल ठिपके

ती. आई-बाबांना सा. न.

मेंदूच्या चित्रातले लाल ठिपके मशीनला खरंच दिसतात का, या बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. फंक्शनल एमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते शोधणाऱ्या तपासणीच्या, चित्रातले लाल-पिवळे ठिपके मशीनला दिसलेले नसतात, मागाहून हिशेब करून भरलेले असतात. मशीन मोजतं ते रक्त. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात बारीकशी खोडी काढतं आणि आजूबाजूचा सिग्नल मंद होतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन गप्प असतं. हे पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 सालीच दाखवलं होतं. सेइजी ओगावा या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये त्याचा उपयोग उंदरांच्या मेंदूवर केला, आणि 1992 मध्ये माणसांना लुकलुकता प्रकाश दाखवून हेच जमलं.

आता गंमत ऐका. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथला ऑक्सिजन घटेल असं कुणालाही वाटेल. होतं उलटंच. डोळ्यांना उत्तेजन दिल्यावर दृष्टीच्या भागातला रक्तप्रवाह सुमारे 50 टक्के वाढतो आणि ऑक्सिजनचा खप जेमतेम 5 टक्के, असं फॉक्स आणि रेकल या संशोधकांना 1980 च्या दशकात पीईटीवर (किरणोत्सर्गी द्रव्य देऊन केलेल्या स्कॅनवर) आढळलं. गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताजं रक्त येतं, खोडकर हिमोग्लोबिन वाहून जातं, सिग्नल वाढतो. पण ही वाढ साध्या 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर टक्का-दोन टक्के, फार तर थोडी अधिक.

म्हणून एकदा दाखवून भागत नाही. 20-30 सेकंद काळे-पांढरे चौकोन, सेकंदाला 8 वेळा अदलाबदल होणारे. मग तेवढाच वेळ पडद्यावर नुसता एक ठिपका. असं पाच-सहा वेळा. स्पर्शाची चाचणी असेल तर उजव्या तळहातावर ब्रश फिरवतात आणि उत्तर मेंदूच्या डाव्या बाजूला शोधतात. साधारण दर 2 सेकंदांनी अख्ख्या मेंदूचं एक चित्र, दोन-तीन मिलिमीटरच्या ठोकळ्यांत. रक्ताला यायला वेळ लागतो: 5-6 सेकंदांनी शिखर, मग उतरण, तीही मूळ पातळीच्या जरा खाली जाऊन परत. ही दिरंगाई हिशेबात धरली नाही तर विश्रांतीचे क्षण उत्तेजनाच्या खात्यात जमा होतात.

सगळ्यात जास्त घोळ डोकं हलण्याने होतो. एक-दोन मिलिमीटर पुरे. त्यातही ब्रश लागताच दर वेळी दचकणारा माणूस वाईट, कारण त्याची हालचाल उत्तेजनाच्या तालावरच असते आणि मेंदूच्या कडा खोट्याच उजळतात. दुसरा धोका आकडेमोडीतला. ठोकळे हजारोंनी असतात, योगायोगाने काही उजळणारच, म्हणून हिशेबात त्याची दुरुस्ती करावी लागते. 2009 मध्ये संशोधकांनी एका मेलेल्या सामन माशाला माणसांचे फोटो दाखवून त्याच्याही मेंदूत ‘हालचाल’ काढून दाखवली होती; ही दुरुस्ती न केल्यास काय होतं, ते पटवण्यासाठी.

बाबा, तुमच्या वयाला लागू पडणारं हे. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, तितक्याशा फुलत नाहीत. पेशी चोख काम करत असल्या तरी चित्र फिकं येऊ शकतं. फिकं म्हणजे मेंदू मंदावला, असं लगेच म्हणू नका. म्हणून काही ठिकाणी पंधराएक सेकंद श्वास रोखायला लावतात. कार्बन डायऑक्साइड वाढतो, वाहिन्या फुलतात, आणि पेशींना काम न देताही वाहिन्यांची ताकद कळते. मला ही जोडचाचणी फार महत्त्वाची वाटते.

चहा-कॉफीने मेंदूतल्या वाहिन्या आकसतात, तेव्हा तपासणीच्या दिवशी किती आणि केव्हा घेतली ते सांगा. रक्तदाबाची गोळी मात्र मनाने बंद करू नका. पेसमेकर किंवा शरीरात कुठलाही धातू असेल तर आधीच सांगायचं. चष्मा आत चालत नाही, पण नंबराच्या प्लॅस्टिकच्या काचा मिळतात. त्या मागून घ्या, नाहीतर चौकोन पुसटच दिसतील. आई, कानात बोळे नीट आतपर्यंत घाल. आवाज 100 डेसिबलच्या वर जातो.

तुमची लेक