क्रिप्टोच्या वर्गातल्या ताईंना, सांगलीहून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

कोर्स संपला त्या संध्याकाळी सगळ्या जणी चॅटमध्ये 'थँक यू' टाकत होत्या, मीही टाकलं. पण तेवढ्यानं मन भरेना. म्हणून हे सविस्तर लिहितेय, आणि चारचौघींनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. हळदीच्या पट्ट्या, तोलाई, हमाली, जीएसटी, सगळं माझ्या हाताखालून जातं. तरी घरात क्रिप्टोचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांचा, विषय निघाला की बोलायची ती पुरुषमंडळी. तुमच्या वर्गात फक्त बायका होत्या याचं मोल मला पहिल्याच तासाला कळलं. कुणी कानात इअरफोन घालून चपात्या लाटत होती, कुणाचं लेकरू मांडीवर होतं, आणि "बिटकॉइन असतं तरी कुठं?" हे विचारायला कुणालाच संकोच वाटला नाही.

त्याचं उत्तर देण्याआधी तुम्ही आम्हाला वह्या काढायला लावलंत. सगळ्यांनी तेच व्यवहार आपापल्या वहीत उतरवायचे. मग एकीला गुपचूप मेसेज करून तिच्या वहीतले 500 चे 5000 करायला सांगितलंत आणि सगळ्यांना वाचायला लावलंत. तिची एकटीचीच वही जुळेना! बिटकॉइनही असंच, असंख्य कॉम्प्युटरवर एकसारख्या ठेवलेल्या वहीतली नोंद. मला ते लगेच पटलं, कारण माझा जन्म वह्या जुळवण्यातच चाललाय. नंतर हॅश, म्हणजे कुठल्याही मजकुराचा गणितानं काढलेला ठसा, दाखवलात. मी 'कृष्णामाई' टाइप केलं, 64 अंक-अक्षरांची ओळ आली. 'कृष्णामाय' केलं, तर ओळ पार निराळी. एका अक्षराचा फरक आणि आधीच्या ओळीशी काही म्हणता काही मेळ नाही. जुनी नोंद चोरून का बदलता येत नाही ते तिथं डोळ्यांनी दिसलं.

पण तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते त्या बारा शब्दांच्या तासाबद्दल. सरावाच्या नेटवर्कवर, जिथल्या नाण्यांना काडीचीही किंमत नसते, तिथं तुम्ही आम्हाला वॉलेट, म्हणजे नाण्यांची किल्ली सांभाळणारं ॲप, उघडायला लावलंत, ती किल्ली परत मिळवून देणारे त्याचे बारा शब्द कागदावर उतरवून घेतलेत आणि मग ॲपच काढून टाकायला सांगितलंत. पुन्हा ॲप घेऊन शब्द क्रमानं भरले आणि वॉलेट जसंच्या तसं परत आलं. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर ठेवायचे नाहीत, कुणी कितीही गोड बोलून मागितले तरी द्यायचे नाहीत. तेव्हा मी विचारलं होतं, "आमच्याकडं पूर येतो, कागद भिजला तर?" 2005 आणि 2019 चं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांच्या मनात हेच आधी येणार. तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत. दोन प्रती दोन गावांत ठेवा म्हणालात, आणि मोठी रक्कम असेल तर शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून ठेवतात हेही सांगितलंत. मी म्हटलं, भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून घालून घेते. "नको," म्हणालात, "तो शब्द वाचेल." सुरक्षिततेचा अख्खा धडा त्या तीन शब्दांत मिळाला.

कराचा भाग मी दोनदा ऐकला. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर सेस, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. धंद्यातला तोटा पुढं ओढायची सवय असलेल्या माणसाला हे फार कडक वाटतं. पण ते पैसे घालण्याआधी कळलं हे बरं झालं.

आणि याचा उपयोग कोर्स संपायच्या आतच झाला. आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायकांना एकानं बिटकॉइनच्या योजनेसाठी हॉलवर बोलावलं. प्रोजेक्टर, नाश्ता, दरमहा 10 टक्के परतावा, खाली माणसं जोडली की वेगळं कमिशन. मी उभी राहिले. परतावा येतो कुठून? बिटकॉइन तर स्वतःहून व्याज देत नाही. किल्ली कुणाकडं राहणार? मार्च 2023 पासून असे व्यवहार करणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आल्यात, तर संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं तुमची नोंदणी कुठाय? तो म्हणाला, "वहिनी, सरकारनं टॅक्स लावला म्हणजे मान्यता दिलीच की." तुम्ही अगदी हेच वाक्य आम्हाला आधी ऐकवलं होतंत! कर लावला म्हणून ते कायदेशीर चलन होत नाही, आणि कुणाच्या योजनेवर सरकारचा शिक्काही बसत नाही, हे मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं. बऱ्याच जणींनी पर्समध्ये आणलेले पैसे तसेच घरी नेले. एकीनं आधीच भरले होते. तिच्याबरोबर बसून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिचे पैसे अजून आलेले नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मी स्वतः अजून एकही नाणं घेतलेलं नाही. घ्यायचं झालंच तर बुडालं तरी घर चालेल एवढंच घेईन. ताई, सगळा कोर्स संपेपर्यंत तुम्ही 'हे घ्या' असं एकदाही म्हणाला नाहीत, आणि म्हणूनच तुमच्या शब्दावर माझा विश्वास बसला.

पुढच्या बॅचला भिशीतल्या काही जणी येणार आहेत. वर्ग साडेआठनंतर ठेवता आला तर बघा, बऱ्याच जणींची कामं त्याआधी उरकत नाहीत. पुरासंबंधीचा प्रश्न त्यांनी विचारलाच तर मला बोलवा, तेवढा भाग मी शिकवीन.

आपली,
मार्केट यार्डातली हिशेबनीस
सांगली