देवबागच्या काकांना काय सांगायचं?

सोलापूर,
कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

का बे, रागावलास ना? रागाव, हक्क आहे तुझा. तुझं एक पत्र गड्ड्याच्या यात्रेत आलं, दुसरं सीनेला पूर आला त्या आठवड्यात. दोन्ही वेळा सबबी खऱ्या होत्या, पण मधले आठ महिने मोकळेच गेले. चुकलं माझं. इकडे सगळं ठीक. शुगर आटोक्यात, हिची पाठ बरी, आईला ऐकू कमी येतं पण बोलणं तसूभर कमी झालेलं नाही.

आता मुद्द्याचं. परवा देवबागच्या काकांचा फोन आला, मालवणजवळ ज्यांच्या चार खोल्यांच्या निवास-न्याहारीत आपण वर्षाला चार दिवस उतरतो तेच. त्यांचं कर्ज मंजूर झालंय. मागे, माडांच्या रांगेपलीकडे वाळूच्या उंचवट्यापर्यंत, नव्या सहा खोल्या, वर स्लॅब, समुद्राच्या बाजूला दगडी भिंत आणि कुणीतरी डोक्यात घातलं म्हणून पोहण्याचा छोटा तलाव. ठेकेदाराने काढलेला नकाशा मला पाठवला आणि म्हणाले, "तुमी इंजिनेर, बघून सांगा, काय करूचा?" दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणेल, छानच की, आता खोली हमखास मिळेल. पोटात खड्डा का पडला ते फक्त तुला कळेल.

मालवणला जायचा तो रस्त्याचा कागद आठवतो? मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. चहा कुठे घ्यायचा, घाट अंधाराआधी का उतरायचा, सगळं तुझ्या अक्षरात. त्याच्या किती झेरॉक्स निघाल्या कुणास ठाऊक, नवी पेठेतल्या निम्म्या दुकानदारांकडे तो होता. आता तर चारशे किलोमीटर गाडी हाणायचीही गरज नाही. ९ जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान आहे, मोपाला उतरलं की दोनेक तासांत मालवण. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ साली, कोकण रेल्वे पूर्ण धावली १९९८ला, चिपीचा विमानतळ सुरू झाला ऑक्टोबर २०२१मध्ये. प्रत्येक वेळी आपण टाळ्या वाजवल्या, कारण प्रत्येक वेळी आपला प्रवास सोपा झाला.

तारकर्लीच्या रस्त्यावरून आपण भांडलो होतो ते मी विसरलेलो नाही. मी म्हणत होतो, रस्ता रुंद नको. तू म्हणालास, "तुला सुट्टीत चार दिवस कंदील बघायचाय म्हणून त्यांनी बारा महिने कंदिलात बसायचं का?" तेव्हा मी चिडलो, दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुझंच बरोबर होतं. काकांचा मुलगा मुंबईची नोकरी सोडून परत आला तो त्या चार खोल्यांमुळेच. निवास-न्याहारीतून घराचं कौल बदललं, सुनेचं बाळंतपण चांगल्या दवाखान्यात झालं. म्हणून आज "बांधू नका" एवढंच सांगायला जीभ रेटत नाही. पण नकाशा बघितल्यापासून झोपही लागत नाही, कारण हा नकाशा त्यांनाच बुडवणार आहे. कसा ते सांगतो, नीट वाच.

पाण्यापासून धरू. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची पट्टी. तिथल्या विहिरीतलं गोडं पाणी म्हणजे पावसाचं वाळूत मुरलेलं पाणी, ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. खारं पाणी किंचित जड, म्हणून हा तोल टिकतो. हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं. उलट बाजूने बघ: उपसून पातळी फक्त वीतभर, वीस सेंटिमीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालून खारं पाणी आठ मीटर वर सरकतं. अरुंद पट्टीत मुळात हा साठाच पातळ. त्यात बोअर मारली तर पाइपाचं तोंड खाऱ्याच्या जवळ जातं आणि तेच वर ओढलं जातं. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला नुसता उपसा थांबवून भागत नाही, मध्ये पावसाळे जावे लागतात. आणि साठा सगळ्यांचा एक. शेजाऱ्याने बोअर मारली तरी विहीर काकांची बिघडते.

आता खप. हॉटेलसाठी माणशी दिवसाला १८० लिटर धरतात. आजच्या चार खोल्यांत बारा माणसं, म्हणजे २,१६० लिटर. दहा खोल्या झाल्या की तीस माणसं, ५,४०० लिटर. तलाव आठ बाय चार मीटर, खोली सव्वा मीटरच्या आत धरली तरी एका भरण्याला ३८,००० लिटरच्या वर, म्हणजे त्या तीस माणसांचं आठवड्याचं पाणी, समुद्रापासून पन्नास पावलांवर. आणि हे सगळं कधी लागणार? मे महिन्यात, विहीर सगळ्यात खाली असते तेव्हा. आपल्या सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, बादलीभर पाण्यात आंघोळ उरकायची सवय आपल्याला आईने लावली. तोच सोलापूरकर तिथे जाऊन शॉवर दहा मिनिटं सोडतो, म्हणजे ऐंशी-शंभर लिटर. हे बघून मला फार वाईट वाटतं रे. आपल्याला तरी हे सांगावं लागू नये.

सांडपाणी त्याहून वाईट. ५,४०० पैकी सुमारे ४,३०० लिटर परत येणार. नकाशात सेप्टिक टाकी दीड बाय एक बाय एक मीटर, म्हणजे १,५०० लिटर. पाणी टाकीत किमान एक दिवस थांबायला हवं, तर गाळ खाली बसतो. इथे ते आठ तासांत बाहेर पडणार, गाळासकट. बाहेर शोषखड्डा, तोही विहिरीपासून सात मीटरवर! पंधरा-वीस मीटरच्या आत तो असूच नये. ठेकेदार म्हणतो, वाळूत पाणी झटकन मुरतं. तेच तर दुखणं आहे. आपल्या काळ्या मातीत पाणी हळू झिरपतं म्हणून वाटेत गाळलं जातं, वाळूतून ते तसंच विहिरीत पोचतं. पावसाळ्यात भूजल वर आलं की खड्डाच पाण्यात बुडतो आणि संडास तुंबतात. मग लोक रात्री नळी काढून खाडीत सोडतात. हे मी किती गावांत बघितलंय ते विचारू नकोस.

(चहाला उठलो होतो. तू सोलकढीत साखर मागितली होतीस आणि काकी पळी हातात धरून तुझ्याकडे बघतच राहिल्या, ते आत्ता आठवून एकटाच हसलो. काकी अजून विचारतात, "ते साखरवाले भाऊ कधी येतत?")

भिंतीचं ऐक. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि थोडं आत पाण्याखाली तिचा बांध घालतो. लाटा त्या बांधावर फुटतात, म्हणून घरं वाचतात. दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. म्हणजे मर्यादवेल आणि केवड्याने धरून ठेवलेला तो मागचा उंचवटा ही समुद्राची उसनवारीची पेढी आहे. जूनमध्ये नेतो, जानेवारीपर्यंत फेडतो. तिच्यावर भिंत बांधली की उसनं मिळणं बंद. लाट भिंतीवर आपटून उलटी फिरते, पायथ्याची वाळू खरवडून नेते, पुढची पुळण दरवर्षी अरुंद होते, शेवटी पाया उघडा पडून भिंत पुढे कलते. आणि भिंत संपते तिथे लाट वळून शेजाऱ्याच्या माडांखालची जमीन खाते. मग शेजारी भिंत मागतो, त्याच्यापुढचा धूपप्रतिबंधक बंधारा मागतो. त्यात नदीतून वाळू उपसली जात असेल तर समुद्राकडे नवी वाळू येणंही घटतं. जिथे बंधाऱ्याशिवाय आता घर राहत नाही तिथे दगड टाकावेच लागतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण काकांच्या मागचा उंचवटा अजून शाबूत आहे. धडधाकट पाय कापून कुणी लाकडी बसवतं का?

स्लॅबबद्दल थोडक्यात: ठेकेदाराने एम-२० ताकदीचं काँक्रीट आणि सळीवर २५ मिलिमीटर आवरण धरलंय. समुद्रकाठी मानकाप्रमाणे किमान एम-३० आणि ४५ मिलिमीटर लागतं, तुषार अंगावर येत असतील तर एम-३५ आणि ५०. नाही तर खारी हवा आत शिरते, सळी गंजून फुगते आणि काही वर्षांत खालचे पोपडे पाहुण्यांच्या डोक्यावर. कर्जाचे हप्ते त्यानंतरही चालूच.

कायदाही आहेच. २०११च्या किनारा अधिसूचनेत अशा ग्रामीण किनाऱ्याला भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामबंदी, जुनं अधिकृत घर त्याच जोत्यावर दुरुस्त करायला मुभा. त्या पट्ट्यात भूजल उपसा फक्त स्थानिकांच्या स्वतःच्या वापरापुरता. वाळूचे उंचवटे तर सर्वांत कडक वर्गात. मालवणचा किनारा त्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील म्हणून नावानिशी नोंदलेला आहे, आणि सागरी अभयारण्य तिथे १९८७ पासून आहे. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना ही मर्यादा ५० मीटरवर आणली, दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असतील तरच. काकांचा सर्व्हे नंबर कशात बसतो ते सातबारावर कळत नाही, किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर बघावं लागतं. ठेकेदार "सगळे बांधतायत" एवढंच सांगतो. पाडायची नोटीस आली तर ती ठेकेदाराच्या नावावर येणार नाही.

रापणीचं मात्र तू काकांना विचार, मला विचारवलं नाही. रापण ओढायला मोकळी पुळण लागते. होडीने अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांनी पन्नास-साठ माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं. मधे पॅरासेलिंगच्या बोटी, दोऱ्या, खुर्च्या असतील तर कुठे ओढणार? आपण हात लावायचो तेव्हा काका वाट्यातले पेडवे द्यायचे. आणि दिवे. नोव्हेंबर ते मार्च कासविणी अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभरेक. पिल्लं पन्नासेक दिवसांनी रात्री बाहेर पडतात आणि जिकडे उजेड तिकडे पळतात. पूर्वी उजेड फक्त समुद्रावर असायचा. नकाशात भिंतीवर आठ फ्लडलाइट आहेत.

तर माझं म्हणणं असं. चार खोल्या आहेत त्याच जोत्यावर नीट कराव्यात, चिरे आणि मंगलोरी कौलं. बारा माणसांच्या वर एकही नको, दोन रात्रींखाली बुकिंग नको आणि दर वाढवावा. शॉवर काढून बादली-तांब्या ठेवावा. सेप्टिक टाकी दोन कप्प्यांची, पाच हजार लिटरची, आणि शोषखड्ड्याऐवजी खाली अस्तर घातलेला खडीचा वाफा, त्यात कर्दळ. पंप अर्ध्या अश्वशक्तीचा, सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा, मधे विहिरीला विसावा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र मी पाठवतो. मे महिन्यात रोज आकडा लिहायचा, चढायला लागला की दुसऱ्या दिवशी पाहुणे कमी. समुद्राकडचे दिवे बुटके, पिवळे, खाली तोंड केलेले, दहाला बंद. या सगळ्याला कर्जाच्या पाव रकमेपेक्षा कमी लागेल, हिशेब सोबत जोडलाय.

पण माझ्या मनात अडकलंय ते हे: आपण वर्षाला चार दिवस जाणारी माणसं. सहा खोल्यांचं उत्पन्न सोडा, हे आपण कुठल्या तोंडाने सांगायचं? गर्दीचे दिवस मी मोजले. दिवाळी, नाताळ, मे, जोडून सुट्ट्या, ओढूनताणून शंभर. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत बोटीही बंद. हप्ता मात्र बारा महिने. आकडा माझ्या बाजूने आहे, तरी शेजारच्या तीन मजल्यांकडे बघत काकांचा मुलगा काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. काका माझं ऐकून घेतात, पण मानतात तुझं. तो मुलगाही तुझ्यापुढेच मोकळा बोलतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? नाशिकलाच राहतोयस का? धाकटीचा प्रवेश झाला हे हिच्याकडून कळलं, तिला शाबासकी सांग. तुझ्या आईचा गुडघा करायचाच असेल तर थंडीत उरकून टाका.

कर्जाचा पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला उचलायचाय. त्याआधी काकांना फोन कर, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा ते खळ्यात बसलेले असतात. आधी मला फोन कर, आकडे पुन्हा समजावतो. आणि दर वाढल्यावर आपण दोघांनी पहिलं बुकिंग करायचं, पूर्ण पैसे देऊन, ओळखीची सूट न मागता. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पार्सल उद्या निघतंय, निम्मं काकीसाठी बाजूला ठेव.

तुझाच