पटसंख्येचा निकष गडचिरोलीला लावू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा विचार गडचिरोली जिल्ह्यापुरता तरी सोडून द्यावा, यासाठी हे पत्र.

अशांत देशांतील शिक्षणाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा शांतता आली की शाळा आपोआप भरतील असे गृहीत धरून. पण शाळा कोणत्या भाषेत आणि कोणाच्या भरवशावर चालते, यावरही शांतता अवलंबून असते. श्रीलंकेत 1956 मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि 1970च्या दशकात विद्यापीठ प्रवेशासाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळवावे लागतील अशी पद्धत आली. 2009 पर्यंत चाललेल्या यादवीची कारणे अनेक असली, तरी तमिळबहुल जाफन्याच्या शिकलेल्या तरुणांच्या मनात अढी बसली ती येथेच. शाळांचा तुटवडा तेथे नव्हता, हे विशेष.

नेपाळमध्ये 1996 ते 2006 या काळात माओवादी शाळेतून मुले उचलून नेत आणि सुरक्षा दले शाळांत तळ ठोकत. तेथे शिक्षक व पालकांनी दोन्ही बाजूंना शाळेबाहेर ठेवण्यासाठी ‘शाळा हे शांतिक्षेत्र’ हा आग्रह धरला आणि 2011 मध्ये सरकारनेही तो मान्य केला. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही छत्तीसगडमधील शाळा आणि वसतिगृहे सुरक्षा दलांनी रिकामी करावीत असे बजावले होते. छत्तीसगडमधील बस्तर आमच्या गडचिरोलीपासून किती दूर आहे, हे एटापल्ली-भामरागडच्या वाचकांना सांगायला नको.

आता गडचिरोलीत बंदुकीचा आवाज कमी झाला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपती आणि त्याच्या सहकाऱ्यांनी येथेच शस्त्रे खाली ठेवली. नेमक्या याच वेळी कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना समूह शाळेत नेण्याचा विचार अधूनमधून डोके वर काढतो, तो या जिल्ह्यापुरता तरी सोडून द्यावा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मग नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या सहा वर्षांच्या पोराने पाच-सहा किलोमीटरवरची शाळा कशी गाठायची? गाडी देऊ, असे उत्तर मिळते. रस्ताच पाण्याखाली असताना ती गाडी कोठून जाणार, हे कोणी सांगत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अख्खे घर मोहफुले वेचायला जाते, मुलेही जातात, आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागते. कोलंबियासारख्या दीर्घकाळ हिंसाचार सोसलेल्या देशातील खेड्यांत, जेथे एकच शिक्षक अनेक वर्ग सांभाळतो, तेथे 1970च्या दशकात ‘एस्क्वेला नुएवा’ ही पद्धत सुरू झाली. मूल स्वयंअध्ययन पुस्तिकेवरून आपल्या गतीने शिकते आणि शेतीच्या हंगामात काही दिवस गेले, तरी जेथे थांबले होते तेथूनच पुढे जाते. आपल्या दोन शिक्षकी शाळेला हे अशक्य नाही. मात्र त्या पुस्तिका माडिया आणि गोंडी या येथील आदिवासी भाषांतही हव्यात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे कलम 350क सांगतेच. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःहून गोंडी शाळा सुरू केली, तेव्हा शिक्षण विभागाने तिला बळ द्यायचे सोडून मान्यतेचा प्रश्न पुढे केला, हे खेदाने म्हणावे लागते.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. दुर्गम भागात एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते, तरीही अनेकांना तेथील नेमणूक शिक्षेची बदली वाटते, आणि ज्याचा सगळा जीव परतीच्या बदलीत अडकला आहे त्याच्याकडून मुलांची भाषा शिकण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. माडिया-गोंडी बोलणारे स्थानिक डी.एड. झालेले तरुण घरी बसून असताना ही पदे त्यांच्यातून प्राधान्याने भरावीत, आणि अनुसूचित क्षेत्रातील कोणतीही शाळा बंद करण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव बंधनकारक करावा, अशी मागणी आपल्या दैनिकाद्वारे शासनाकडे करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. धानोरा, जि. गडचिरोली